बॉम्ब निकामी करतात की नष्ट?

कानामात्रा: १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांबद्दलचा लेख मराठीत आणतेय. लष्कराच्या बॉम्ब डिस्पोजल तुकड्या न फुटलेल्या बॉम्बचा फ्यूज (स्फोट घडवून आणणारा भाग) काढत आणि मग आत वाफ सोडून स्फोटकं वितळवून बाहेर काढत. मी 'बॉम्बनाशक पथक' लिहिलं. संपादक म्हणतात, नाश कुठे झाला? टरफल तर शाबूत आहे! काय लिहू?

बोरूबहाद्दर: विल्हेवाट पथक.

तिरकस: विल्हेवाट प्रेताची लावतात. हा जिवंत असतो.

जुना सॅपर: बरीच वर्षं याच कामात होतो. आमच्याकडे ही दोन वेगळी कामं. आधी 'रेंडर सेफ', म्हणजे तो फुटणार नाही असं करणं. डिस्पोजल त्यानंतरचं, मोकळ्या जागी नेऊन उडवणं किंवा जाळणं. हलवण्यासारखा नसेल तर जागच्या जागी उडवतात. दोन्हीला 'निकामी' लावू नका.

कानामात्रा: पहिल्याला तरी चालेल ना?

जुना सॅपर: पेपरवाले लिहितातच. पण त्या शब्दाने माणूस निर्धास्त होतो. तुमच्या लेखातल्याच काळात जर्मनांनी फ्यूजखाली सापळा बसवायला सुरुवात केली होती, फ्यूज उपसला की बॉम्ब उडायचा. घड्याळी फ्यूज तर ७२ तासांपर्यंत लावता येई. टिकटिक थांबली म्हणून निकामी म्हणायचं?

बोरूबहाद्दर: मुळात फ्यूज कशाला? तोफेच्या वातीसाठी आपली 'जामगी' आहे की!

तिरकस: जामगी पेटवतात, उपसत नाहीत. आणि शुद्ध मराठीच हवी तर 'सुरुंग'ही सोडा, तो ग्रीक 'सिरिंक्स'वरून आलाय म्हणतात.

बोरूबहाद्दर: काहीतरीच! 'सुरुङ्गा' संस्कृत आहे, कौटिल्याकडे सापडतो.

तिरकस: संस्कृतात सापडला म्हणजे संस्कृतातच जन्मला असं नाही. शिवाय तिथे अर्थ भुयार. दारूचा बार नंतरचा.

ओवी: आमचे आजोबा विहिरींचे सुरुंग भरायचे. एखादा उडाला नाही तर म्हणायचे, "झोपलाय, उठवू नका." तास न् तास कुणाला जवळ फिरकू देत नसत.

जुना सॅपर: ओवीताई, 'निकामी'पेक्षा हे शंभरपट बरोबर!

कानामात्रा: 'झोपवणारं पथक' लिहू का आता? उद्या लेख द्यायचाय हो. पथकाचं नाव सांगा कुणीतरी.

बोरूबहाद्दर: सांगतो, पण आधी भुयाराचं मिटवू. हिंदीत सुरंग म्हणजे अजून बोगदाही, मग आपल्याकडे बार कसा झाला?