दिवाडीला पूल: खाजन शेती वाचणार की विकली जाणार?

मळारकर:
गोव्यात मांडवी नदीतल्या आमच्या दिवाडी बेटावर पुलाची मागणी पुन्हा जोर धरतेय. जुने गोवे, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, फेरीबोटीशिवाय गत्यंतर नाही. तरी माझं मत, पूल नको. भात परवडत नाही म्हणून आज जो खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेती, पडीक टाकतो, तोच पुलाचं काम सुरू झालं की दलालाला बांध दाखवत फिरेल.

फेरीवाली:
दादा, रात्री घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की हे मत टिकत नाही हो. धक्क्यावर उभं राहून पलीकडच्या बोटीचे दिवे बघायचे, एवढंच हातात. शेतीचं म्हणाल तर कापणीचं यंत्रही बोटीवरच चढवावं लागतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या, रांग लावायची, आणि वर आभाळ भरून आलेलं. भात काय थांबतं?

कोरगुट:
दोघेही पुलावर भांडताय, शेती बुडतेय मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी. मानशीची लाकडी दारं भरतीचं पाणी रेटलं की आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडतात. इतकं साधं. पण मानशीवर मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराला कोळंबी हवी, म्हणून काही ठिकाणी दारं अडकवून खारं पाणी आत घेतात. कोरगुट भात खारेपणा सोसतं खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. बांध फुटला तर पुढची लावणी विसरा, मीठ धुऊन जायला पावसाळे लागतात. पूर्वी बांधावर गावकरीची, म्हणजे कोमुनिदाद या गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, नजर असायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आलं. किती संघटना पावसाआधी बांधावर माती टाकतात, ते विचारा.

मळारकर:
मानशीचं शंभर टक्के पटलं. पण पूल झाल्यावर बांधावर माती टाकायला उरणार कोण? मुलं सकाळी पणजीला जातील आणि रात्री झोपायला येतील.

फेरीवाली:
आत्ता काय वेगळं चाललंय? फक्त बोटीच्या रांगेत वेळ जास्त जातो. आणि लावणीला बाया बाहेरून आणता ना तुम्हीही? त्यांचा तो वेळ मजुरीत धरता का?