घरभेटीला आलेल्या सिस्टरने गोळी थांबवावी का?
(चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा
घराबाहेर पडता न येणाऱ्या ज्येष्ठांकडे पंधरा दिवसांनी, महिन्याने सिस्टर जाते. बीपी, साखर, लघवीची नळी, पाठीची कातडी बघते, वहीत लिहिते आणि निघते. वहीतला आकडा डॉक्टरांच्या नजरेस पडेपर्यंत आठवडा उलटतो. डॉक्टरांनी आधीच लिहून सही केलेल्या चार-पाच सूचनांवर गोळी थांबवायचा अधिकार तिला जागच्या जागी मिळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

एकच मोजणी बघा. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून बसवायचं, हात छातीच्या पातळीला, बोलणं बंद. बीपी घ्यायचा. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतोय हे पक्कं. रात्री लघवीला उठताना म्हातारं माणूस कोसळतं आणि खुबा मोडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. दवाखान्यात रांगेपुढे ही मोजणी राहून जाते, घरी होऊ शकते.

आता समजा 138 चा 104 झाला. दोन दिवस जुलाब आहेत, जीभ कोरडी पडलीय आणि सकाळची लघवीची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणारी) अजून घ्यायची आहे. आज सिस्टर इतकंच म्हणू शकते की डॉक्टरांना दाखवून या. जिना उतरता येत नाही म्हणून तर ती घरी आलेली असते!

जुलाब-उलट्या चालू असेपर्यंत लघवीची गोळी, बीपीची टेल्मिसार्टन-रामिप्रिल जातीची गोळी आणि साखरेची मेटफॉर्मिन थांबवायची. खाणंपिणं नीट सुरू झालं की 24 ते 48 तासांनी परत चालू करायची. हा नियम एका कागदावर मावतो.

मात्रा
उंबरठाताई, मोजणीबद्दल पूर्ण सहमत. अधिकाराबद्दल नाही.

नियम कागदावर मावतो, पण डब्यातल्या गोळ्या तशा सुट्या नसतात. आपल्याकडे बीपीची गोळी बहुधा जोडगोळी असते. पाकिटावर नावापुढे एएम, एच, बीटा अशी अक्षरं असतात, ती जोडीला कोणतं औषध आहे ते सांगतात. एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध असेल, तर जुलाबात दोन्ही बंद झाली तरी चालतं. पण त्याच गोळीत ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल असेल तर? हृदयविकाराच्या माणसाचं मेटोप्रोलॉल अचानक तोडलं की ठोके उसळतात, छातीत दुखू लागतं. बीपीचंच क्लोनिडीन तोडलं तर बीपी उलट वर झेपावतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड महिनोन्‌महिने घेणाऱ्याचं तर आजारपणातच थांबवायचं नसतं. पार्किन्सनची, फिट्सची गोळीही तशीच.

मोजणीही वाटते तितकी भरवशाची नसते. दंड जाड आणि पट्टा अरुंद असला की आकडा खोटा वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा हात थरथरत असेल, तर डिजिटल मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं. अशा आकड्यावर औषध बदलायचं का?

सुई
मात्रांच्या बाजूने एक भर घालते, इन्सुलिनची. घरभेटीत साखर 320 निघाली की घरचे लगेच विचारतात, "डोस वाढवायचा का?" त्याआधी सिरिंज बघा.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत 40 युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं 100 चं. सिरिंजही दोन जातींच्या: लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. दुकानात लाल संपली म्हणून नारिंगी आणली आणि 20 च्या रेघेपर्यंत 40 ची बाटली भरली, तर शरीरात जातात फक्त 8 युनिट. याच्या उलट, पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20 पर्यंत ओढलं, तर जातात 50. पहिल्या चुकीवर डोस वाढवला आणि पुढच्या आठवड्यात योग्य सिरिंज आली, की साखर कोसळलीच.

सिरिंज बरोबर असेल तर पोटावर हात फिरवा. रोज एकाच जागी टोचून गाठ झालेली असते. तिथे सुई दुखत नाही म्हणून आजी तीच जागा धरून ठेवतात, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. मग बाटली उघडल्याची तारीख विचारा, चार आठवड्यांवर गेली असेल तर टाका. मुळातच गढूळ दिसणाऱ्या जातीचं इन्सुलिन तळव्यात दहा-बारा वेळा घोळवलं का, तेही बघा, बाटली जोराने हलवायची नाही. बोटाला आंब्याचा रस लागलेला असताना तपासलं तरी साखर चढलेली दिसते, हात धुऊन पुन्हा तपासा. एवढं झाल्यावरही 320 च असेल, तर डॉक्टरांना फोन. सिस्टरची खरी ताकद या शोधात आहे. डोस तिच्या हाती दिला की ती शोध घ्यायची थांबेल अशी मला भीती वाटते.

नळी
आणि लघवीच्या नळीचं काय? ती बदलताना आपण सिस्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आत टाकलेल्या नळीतून लघवी दिसली नाही तरी नळी आत धरून ठेवणारा फुगा भरला, तर तो मूत्रमार्गातच फुगतो आणि रक्ताची धार लागते. म्हणून पुरुषात नळी दुभागते त्या टोकापर्यंत आत सरकवायची, लघवी आली की मगच फुग्यात 10 मिली निर्जंतुक पाणी. सलाइन नको, त्याचे खडे धरतात आणि पुढच्या वेळी फुगा रिकामा होत नाही.

नळीतून लघवी येईनाशी झाली तर ती काय काय बघते ते मोजा. नळी मांडीखाली दबलीय का, पिशवी मूत्राशयाच्या वर टांगलीय का, पोट ओटीपोटाशी टम्म आहे का, चार दिवस शौचाला झालेलं नाही का. मग धुवायची की बदलायची हे ती ठरवते. इतकी जोखीम तिच्या हातात चालते, आणि जुलाबात एक गोळी थांबवणं चालत नाही?

मात्रा
मुद्दा वजनदार आहे, टाळत नाही. फरक असा की नळीची चूक सिस्टर घरात असतानाच दिसते: रक्त येतं, माणूस ओरडतो, ती फुगा सोडते. गोळीची चूक चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते. पाय सुजतात, रात्री दम लागतो, आणि तेव्हा घरात सिस्टर नसते. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांची लघवीची गोळी जुलाब थांबल्यावर परत सुरूच झाली नाही, तर पाणी छातीत साठतं. थांबवायचे नियम सगळे लिहितात. परत सुरू कोणी करायची, हे कोणाच्याही कागदावर नसतं.

आणि फोन आहे ना? 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाशेजारी बसून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची वेगळी सोय आहे. ई-संजीवनी ही सरकारची दुरून सल्ला देणारी सेवा त्यासाठीही चालते.

कातडी
गोळीवर एवढा खल चाललाय, पण मुळात भेट वीस मिनिटांची असेल तर यातलं काहीच होणार नाही. उभं राहून बीपी घ्यायलाच दहा मिनिटं जातात. माणसाला कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा बघायच्या, लाल डागावर बोट दाबायचं. दाबल्यावर पांढरा पडला नाही तर तो बेडसोरचा पहिला टप्पा. तिथे पावडर, स्पिरिट, चोळणं काही नको, आणि खाली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पिंडरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. हवेची गादी असेल तर पंप चालू आहे का बघा, लाइट गेल्यावर बंद पडलेला पंप तसाच राहून गेलेला असतो. पैशाचंही बोला: सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये 2024 पासून 5 लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. बेडसोर होऊ नये म्हणून केलेल्या घरभेटीला त्यातून रुपया नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

उंबरठा
कातडी, वेळेचं अगदी बरोबर. भेटीला पाऊण तास धरल्याशिवाय माझ्याही म्हणण्याला अर्थ नाही.

मात्रा, जोडगोळ्यांचा मुद्दा मान्य, माझा कागद बदलते. सगळ्यांसाठी एक नियम नको. ज्या दिवशी डॉक्टर औषधं लिहितात त्याच दिवशी त्या माणसाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने: "जुलाब-उलटीत थांबवायच्या" आणि "कधीच थांबवायच्या नाहीत". औषधाचं नाव, पाकिटावरची अक्षरं, सही. मेटोप्रोलॉल असलेली जोडगोळी दुसऱ्या रकान्यात गेली की प्रश्न मिटला. दोन्हीत नसलेल्या गोळीला सिस्टर हात लावणार नाही. इन्सुलिनचा डोस वाढवायचा अधिकार मी मागितलेला नाही, मागणारही नाही.

फोनबद्दल मात्र ऐका. डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, वाड्या विखुरलेल्या, कित्येक घरांत रेंज नाही. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी घेणारे आजोबा तापाने जेवलेले नाहीत, साखर 62. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, वर आली की खायला द्यायचं. इथवर सगळे सहमत. पण म्हातारपणी, त्यातून किडनी मंद असली, तर त्या गोळीचा अंमल लांबतो, साखर रात्री पुन्हा उतरू शकते. संध्याकाळची गोळी द्यायची की नाही, हे रेंज येईपर्यंत लटकवून ठेवायचं का?

मात्रा
साखर 70 च्या खाली असेल तर पुढची गोळी थांबवायला माझी हरकत नाही, आजच मान्य करतो. दोन रकान्यांचं पानही चालेल, माझ्या तीन अटींसह. थांबवलेली पट्टी डब्यातून काढून वेगळ्या पाकिटात घालायची, वर तारीख. नाहीतर घरचे दुसऱ्या दिवशी सवयीने देतात. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, रेंज मिळेल तिथून. आणि 48 तासांत परत भेट किंवा फोन, सुरू करायची का हे विचारायला. तो फोन कोण करणार त्याचं नावही पानावर हवं.

लघवीच्या गोळीवर मात्र मी अजून अडून आहे. पंपिंग कमी असलेल्यांची ती पहिल्या रकान्यात घालायला मी सही करणार नाही.

नळी
मग त्यांच्यासाठी वजनाची ओळ घाला. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर वाट न बघता फोन. जुलाबात वजन उतरत असेल, तर तो आकडा सांगूनच डॉक्टरांना विचारायचं. उभं राहता येत नसेल तर वजन होत नाही, तिथे नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते रोज त्याच जागी बघायचं आणि लिहायचं.