मदत हवी आहे: उताराच्या साइटवरून पावसात वाहून जाणारी माती कशी अडवायची? (जांभा, ८० गुंठे)

लाल_मुरूम

लांज्याजवळ ८० गुंठ्यांवर बंगल्यांचं काम चालू आहे. वर पातळ लाल माती, खाली जांभा आणि मुरूम. कटिंग जिथे खोल गेलंय तिथे पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती उघडी पडली आहे. जमिनीचा उतार आठास एक (आठ मीटर आडव्याला एक मीटर उभा). वरून डोंगराचं पाणी थेट प्लॉटवर येतं. सगळ्यात खालच्या टप्प्याचा भराव ६० मीटर लांब, ४ मीटर उंच आहे, बाजूचा उतार दीडास एक. भरावाच्या पायथ्यापासून थोडं पुढे गडगा (दगडी कुंपण), त्यापलीकडे शेजाऱ्यांची भाताची खाचरं, मग व्हाळ (ओढा).

गेल्या पावसात गडग्याच्या आतून बांबूला हिरवी शेडनेट बांधली होती. मोठ्या सरीत ती दोन जागी आडवी झाली आणि खाचरांत गाळ गेला. मिरगाला तीन आठवडे आहेत. हाताशी एक जेसीबी आणि आठ माणसं.

शेडनेटऐवजी काय लावू? गाळाचं तळं खणायचं तर केवढं? भरावाच्या तोंडाला काय करू? आणि तळ्यातलं पाणी तुरटी टाकून नितळवून सोडलं तर चालेल का?

पाणसळ

तुमचे चारही प्रश्न साइटच्या खालच्या टोकाचे आहेत. सुरुवात वरच्या टोकाला करा. डोंगराचं पाणी प्लॉटमध्ये शिरलं की ते तुमचं गढूळ पाणी झालं, मग खाली कितीही मोठं तळं केलंत तरी पुरत नाही. ते स्वच्छ असतानाच बाजूने काढून द्यायचं.

कटिंगच्या वरच्या कडेपासून निदान ३ मीटर मागे चर काढा: तळ ६० सेंमी, खोली ४५ सेंमी, निघालेली माती खालच्या अंगाला बांध म्हणून चोपून बसवायची. चराला उतार शंभरास एक ते दोनशेस एक. जास्त दिलात तर चरच खणत जाईल, कमी दिलात तर गाळ साचून पाणी बांधावरून उलटेल. हा उतार डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीची पाणसळ घ्या आणि दर ५ मीटरला खुंटी मारून २.५ ते ५ सेंमी उतरत जा.

इथे एक चूक सर्रास होते. पाणलोटाच्या कामांची सवय असलेला माणूस सलग समतल चर मारतो. माळावर पाणी जिरवायला ते उत्तम, पण कटिंगच्या डोक्यावर घातक. तिथे जिरलेलं पाणी तुमच्या त्या पांढरट-गुलाबी चिकणमातीपर्यंत पोचतं, ती साबणासारखी होते आणि अख्खी दरड खाली येते. म्हणून इथला चर वाहता हवा, आणि त्या मातीच्या डोक्यावरच्या भागात तळाला जाड प्लास्टिक अंथरून वर डबर (ओबडधोबड दगड) दाबा.

चराचं तोंड उघड्या कातळावर किंवा न खणलेल्या गवताळ जमिनीवर सोडा. शेजाऱ्याच्या बांधावर सोडलंत तर गाळाऐवजी पाण्यावरून भांडण होईल, एवढाच फरक.

डबर_खडी

शेडनेटबद्दल. तिच्या भोकांतून बारीक माती आरामात पार होते, आणि पालापाचोळ्याने भोकं बुजली की तीच नेट पाण्याचा सगळा दाब अंगावर घेऊन आडवी होते. गाळरोधक पडदा गाळणी म्हणून लावायचा नसतो. त्याच्या मागे पाणी काही काळ थांबावं आणि माती खाली बसावी, एवढंच त्याचं काम. त्यामुळे कापड दाट विणीचं पॉलिप्रॉपिलीनचं, जिओटेक्स्टाइल म्हणून मिळतं ते.

लावताना १५ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल चारी घ्या, कापडाची कड आत सोडून माती भरा आणि धुम्मसने ठोका. नुसती माती लोटली तर पाणी खालून बोगदा करतं. बहुतेक पडदे असेच जातात. वर ६० सेंमी उंची पुरे. खुंट दीड ते दोन मीटरवर, निदान ४५ सेंमी जमिनीत, आणि कापडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी कापडाला खुंटावर दाबेल. जांभ्यात बांबू जात नाही. पहारीने भोक पाडा किंवा १६ मिमीची सळई ठोका.

पडदा समपातळीत हवा. तुमचा गडगा समपातळीत नसणार, आणि त्याच्याच रेषेत नेट बांधली की पाणी तिच्या कडेकडेने धावत सखल जागी जमतं. ती जिथे आडवी झाली त्या दोन जागा बघा, जमीन तिथेच खोलगट असेल. पडद्याचे ३० मीटरचे तुकडे करा, प्रत्येकाची दोन्ही टोकं चढाकडे वळवा. एका तुकड्यावर १० गुंठ्यांहून जास्त जागेचं पाणी येऊ देऊ नका. भरावाच्या पायथ्याला चिकटवू नका, दोन मीटर सोडा, नाहीतर गाळ साठायला आणि उपसायला जागा उरत नाही.

जिथे पाणी ओहोळ धरून वाहतं तिथे पडदा चालतच नाही, तिथे डबराचे बुटके बांध. १५ ते २५ सेंमीचा डबर, चढाकडच्या तोंडाला २० ते ४० मिमी खडीचा थर, मधली उंची ४५ सेंमी, कडा त्याहून १५ सेंमी उंच. मध्य खोलगट ठेवला नाही तर पाणी बांधाला वळसा घालून काठ पोखरतं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा: चारीचा उतार १० टक्के असेल तर दर साडेचार मीटरला एक.

रानवाट

डबर महाग पडत असेल तर वनराई बंधाऱ्यासारख्या सिमेंटच्या गोण्या चालतील ना?

डबर_खडी

एका पावसापुरत्या चालतील, पण आत माती नको. ग्रिट किंवा बारीक खडी भरा आणि गोणी पाऊणच भरा म्हणजे ती नीट बसते. मातीची गोणी फाटली की तीच गाळ होते. शिवाय जुन्या गोण्या उन्हाने विरतात, श्रावणात हात लावला तर तुकडे पडतात. आणि गोण्यांतून डबराएवढं पाणी झिरपत नाही, म्हणून वरून सांडायला मध्य आणखी खोल ठेवा.

नितळ

तळ्याचं गणित. ८० गुंठे म्हणजे ०.८ हेक्टर. पाऊस तासाला ७५ मिमी आणि उघड्या जमिनीचा अपवाह गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा) ०.६ धरला तर ०.६ × ७५ × ०.८ ÷ ३६० = ०.१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. वरचं पाणी चराने वळवलंय असं धरून.

आता मातीचा कण. ०.०२ मिमीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला ०.३६ मिमी खाली जातो, एक मीटरला पाऊण तास. ०.००२ मिमीच्या चिकणमातीला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात. चिकणमातीसाठी तळं खणायच्या भानगडीत पडूच नका. ०.०२ मिमीसाठी लागणारं पृष्ठफळ १.२ × ०.१ ÷ ०.०००३६ = ३३३ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठे. २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद. लांबी रुंदीच्या दुप्पट तरी हवीच. पाणी एक मीटर, त्याखाली गाळाला ४० सेंमी, वर ३० सेंमी मोकळी उंची.

गाळ बसतो तो पृष्ठफळामुळे. जागा वाचवायला अरुंद आणि खोल खड्डा केलात तर उपसायलाच त्रास. एवढी जागा नसेल तर सगळी साइट एकदम उघडी ठेवू नका. अर्धी झाकून तिचं पाणी तळ्यात न आणता वेगळं काढलं तर तळंही जवळपास अर्ध्यावर येतं.

तळ्यात आडवे पडदे लावा: चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची काथ्याची जाळी, सळयांना ताणून, पूर्ण रुंदीभर, तीन ठिकाणी. पडद्याविना आत आलेलं पाणी सरळ रेषेत सांडव्याकडे पळतं आणि उरलेलं तळं नुसतं भरून उभं राहतं.

सांडवा मात्र मोठ्या सरीचा धरून करा. तासाला १५० मिमी धरले तर सेकंदाला २०० लिटर. १५ सेंमी जाडीचं पाणी सांडायला रुंदी दोन मीटर हवी. सांडवा शक्यतो मूळ जमिनीत कापा, भरलेल्या बांधावरून नेऊ नका. नेणं भागच असेल तर जिओटेक्स्टाइल आणि वर डबराचं पिचिंग, थेट खालच्या मूळ जमिनीपर्यंत. बांधाची माती २० सेंमीच्या थरांत दाबा. बांधातून पाइप घातलात तर पाइपभोवतीची माती हाताने ठोका, कारण बांध नेहमी पाइपच्या कडेने फुटतो.

तुरटी: बादलीत पाणी नितळतं म्हणून तळ्यात नितळेलच असं नाही. जांभ्यातलं पाणी मुळात आम्लाकडे झुकणारं, क्षारता कमी. तुरटीने सामू (पीएच) आणखी उतरतो, गाळाचा साका धरत नाही आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम व्हाळातल्या माशांना बाधतं. पाऊस चालू असताना वाहत्या पाण्यात तर अजिबात नको. उघडीप मिळाली आणि तळं बंद ठेवता आलं तरच, तेही आधी चाचणी घेऊन. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं एक मिलि तळ्याच्या एक लिटर पाण्यात म्हणजे लिटरला १० मिग्रॅ. बरण्यांत २ पासून ८ मिलिपर्यंत घालून बघा, सामूची पट्टी बुडवा, ६.५ च्या खाली गेला तर चुन्याची निवळी जोडीला. खाली बसलेला साकाही काढावा लागतो, हे लोक विसरतात.

वाळा_लावा

भरावाच्या तोंडावर जेसीबीच्या बकेटने चोपून गुळगुळीत फिनिश देतात, दिसायला छान. पाणी त्यावरून आणखी जोरात धावतं. एक दिवस चेनचं मशीन (पोकलेन) मिळालं तर उतारावर खाली-वर चालवा, चेनचे ठसे आडवे उमटतात आणि प्रत्येक ठसा थोडं पाणी, थोडं बी धरतो. नसेल तर दाताळ्याने आडव्या रेघा. त्याआधी भरावाच्या माथ्यावर ३० सेंमीचा बांध घालून टप्प्याचं पाणी एका टोकाला न्या आणि पाइपमधून पायथ्याशी, डबरावर उतरवा. हे राहिलं तर पुढचं सगळं फुकट.

मग शेणखत, बी आणि वर काथ्याची जाळी. दीडास एक उताराला ७०० ग्रॅमची घ्या. उताराची लांबी ७.२ मीटर, वर आणि खाली अडकवायला धरून ८.५. गुणिले ६० म्हणजे ५१० चौरस मीटर, १५ सेंमीच्या जोडांसकट ५८० मागवा. माथ्याशी ३० × ३० सेंमीच्या चारीत कड पुरायची, गुंडाळी वरून खाली सोडायची, आडवी नाही. ताणू नका. जाळी मातीला सगळीकडे टेकली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी खालून ओघळ पाडतं. भराव भुसभुशीत, म्हणून जाळी अडकवायचे लोखंडी आकडे ४५ सेंमीचे, चौरस मीटरला दोन. बी म्हणून स्टायलो आणि मारवेल, लवकर हिरवं व्हायला सोबत नाचणी. आयएस १५८७२ ही या जाळीच्या वापराचीच मार्गदर्शिका आहे, पुरवठादाराकडे मागा.

वाळ्याच्या जुड्या पहिल्या पावसानंतर, रांगेत १० ते १५ सेंमीवर, दोन रांगांत उभं अंतर एक मीटर. पण वाळ्याला मुळं धरायला तीन-चार महिने लागतात, या पावसाळ्यात तो जाळीला पर्याय नाही.

सपाट टप्प्यांवर भाताचा पेंढा, चौरस मीटरला अर्धा किलो. एकरी दोन टन होतो. पावसाळ्यात ज्या टप्प्यावर काम नाही तो झाकलेलाच राहू दे.

लाल_मुरूम

खूप उपयोगी. जागा बघितली, तळ्याला दोनच गुंठे निघतात. वरचा टप्पा पेंढ्याने झाकून त्यावरचं काम दिवाळीनंतर घेता येईल. माणसं एवढीच आहेत, तर क्रम काय ठेवू? आणि ट्रक रस्त्यावर चिखल नेतात त्याचं काय?

पाणसळ

वरचा चर, तळं आणि सांडवा, भरावाच्या माथ्याचा बांध आणि पाइप, जाळी, पडदा. याच क्रमाने. जाळीची ऑर्डर मात्र आजच द्या, मे महिन्यात सगळ्यांनाच हवी असते. पेंढाही आत्ताच भरून ताडपत्रीखाली ठेवा. दोन गुंठे म्हणजे २०० चौरस मीटर, वरचा टप्पा एकूण जागेच्या निदान ४० टक्के असेल आणि त्याचं पाणी तळ्यात येत नसेल तर भागेल. कमी असेल तर मधल्या टप्प्याचाही काही भाग झाका.

डबर_खडी

गेटशी १५ मीटर लांब, ट्रकच्या पूर्ण रुंदीचा, २० सेंमी जाडीचा ५० ते ७५ मिमी दगडाचा पट्टा करा, खाली जिओटेक्स्टाइल. बारीक खडी टायरच्या जोडचाकांत अडकून रस्त्यावर येते, म्हणून जाडच दगड. भेगा चिखलाने भरल्या की वरून नवा दगड.

पडद्यामागचा गाळ उंचीच्या एक तृतीयांशावर आला की उपसा. उपसलेला गाळ परत उताराच्या कडेला टाकू नका, सपाट टप्प्यावर न्या आणि झाका. साइटबाहेर न्यायचा असेल तर आधी तहसीलदार कार्यालयात गौण खनिजाबद्दल विचारून घ्या.

नितळ

तळ्यात गाळाच्या पातळीची खूण केलेली सळई उभी करा. ४० सेंमीची खूण बुडायच्या आत, २० सेंमीलाच उपसायला घ्या, कारण जुलैत जेसीबी तळ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. त्याच्यासाठी मुरमाची वाट आत्ताच करून ठेवा.