अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लातुरात बसून कसा वाचायचा?

मांजराकाठ, लातूर (प्रश्न)

तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा परदेशातल्या निवडणुकांवर बसायचं ठरलंय. स्पर्धा परीक्षेची पोरं आणि मोंढ्यातली काही जाणती माणसं असतील. पहिला विषय अमेरिका, कारण सगळे तेच विचारायलेत. भिंतीवर एक तक्ता लावायचाय: आपल्या घड्याळाने किती वाजता काय बघायचं. २०२० ला आपल्याकडे शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला निकाल कळला, २०२४ ला बुधवारी दुपारी चारलाच. एवढा फरक का? जास्त मतं मिळूनही माणूस हरतो कसा, हे पोरांना कसं सांगावं? आणि मोंढेकऱ्यांचा एकच सवाल आहे, तिथं कोण आलं तर इथं सोयाबीन-कापसाला काय भाव. नुसतं मत नको, हिशोब मांडून सांगा.

बालाघाट, अंबाजोगाई

पोरांना आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीपासून सुरुवात करून द्या, म्हणजे अर्धं काम होतं. आपले राष्ट्रपती लोक थेट निवडत नाहीत, खासदार-आमदार निवडतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि तेही १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेलं. मताला वजन असतं ही गोष्ट एकदा पटली की अमेरिका अवघड जात नाही.

तिकडे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे एकूण ५३८ प्रतिनिधी, म्हणजे निर्वाचक: कनिष्ठ सभागृहाच्या ४३५ जागा, सिनेटच्या १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने पुढे असलेल्यालाही त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. सगळी गोम इथं आहे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना एकट्या कॅलिफोर्नियात ४२ लाखांहून जास्त मतांची आघाडी होती. ती ४२ लाखांची असो की ४२ मतांची, निर्वाचक ५५ च. तिकडे मिशिगनमध्ये क्लिंटन १०,७०४ मतांनी हरल्या आणि तिथले १६ निर्वाचक गेले. देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही अध्यक्ष झाले ट्रम्प. आपल्याकडे एखादा पक्ष दहा जागा लाख-लाख मतांनी काढतो आणि पंधरा जागा दोन-दोन हजारांनी घालवतो, तसंच हे. म्हणून ‘देशभरात अमुक दोन टक्क्यांनी पुढे’ असली पाहणी कोणी दाखवली तर ती बाजूला ठेवा आणि राज्यवार पाहण्या मागा. २०२४ ला चुरशीची मानलेली राज्यं सात होती. पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना १६-१६, मिशिगन १५ (जनगणनेनंतरच्या फेरवाटणीत एक कमी झाला), ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. बेरीज ९३. २०२८ लाही राज्यांचे हेच आकडे राहतील, पुढची फेरवाटणी २०३० च्या जनगणनेनंतर.

आता तक्ता. पुढची निवडणूक मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२८. तोवर तिकडची घड्याळं मागे गेलेली असतात, त्यामुळे न्यूयॉर्कच्या वेळेत साडेदहा तास मिळवायचे. बुधवारी पहाटे साडेचारला इंडियाना आणि केंटकीच्या काही भागांत मतदान संपतं. तेव्हा उठायची गरज नाही. साडेपाचला जॉर्जिया, सहाला नॉर्थ कॅरोलायना, साडेसहाला पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनचा बहुतेक भाग, साडेसातला विस्कॉन्सिन आणि ॲरिझोना, साडेआठला नेवाडा, साडेनऊला कॅलिफोर्निया. या मतदान संपायच्या वेळा आहेत, निकालाच्या नाहीत, हे तक्त्यावर ठळक लिहा. काही राज्यांचा निकाल मतदान संपल्या क्षणी जाहीर होतो. तो मतं मोजून आलेला नसतो, पाहणी आणि पूर्वीचा कल पाहून दिलेला असतो. अशा राज्यात चुरस नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

२०२० आणि २०२४ मधल्या फरकाचं मूळ टपाली मतांत आहे. कोविडच्या वर्षी ती प्रचंड आली. पेनसिल्व्हेनियाचंच बघा. मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या आतल्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेरच्यावर मतदाराची सही. आतलं पाकीट नसेल तर मत बाद. ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायची नाहीत, असा तिथला कायदा. प्रत्येक पाकीट तपासायचं, उघडायचं, घडी सरळ करायची, मग स्कॅनरमध्ये घालायचं. विस्कॉन्सिनमध्येही आधी हात लावता येत नाही. मिलवॉकी शहराची टपाली मतं एका ठिकाणी मोजून मध्यरात्रीनंतर एकदम गठ्ठ्याने जाहीर होतात. २०२० ला टपाली मतांत डेमोक्रॅट पक्षाचे मतदार जास्त होते, त्यामुळे आधी रिपब्लिकन पुढे दिसले आणि नंतर आघाडी फिरली. आपल्याकडे हे ‘रातोरात मतं आणली’ म्हणून फिरलं. आपल्याकडे टपाली मतं आठला आधी मोजायला घेतात आणि मग यंत्रं. तिकडे कित्येक राज्यांत क्रम उलटा पडतो, तेवढाच मुद्दा. फ्लोरिडा मात्र टपाली मतं आधीच तयार ठेवतं, म्हणून तिथला आकडा लवकर येतो. २०२४ ला टपाली मतं कमी होती आणि सातही राज्यं एकाच बाजूला झुकली, म्हणून दुपारीच चित्र स्पष्ट झालं: ट्रम्प ३१२, कमला हॅरिस २२६.

दोन गोष्टी पोरं हमखास चुकतात. एक, त्या रात्री निकाल सांगणारा निवडणूक आयोग तिथं नाही. निवडणूक राज्यं घेतात, मोजणी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) होते आणि ‘अमुक जिंकले’ हे वृत्तसंस्था सांगतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते. दुसरी, ‘९० टक्के मोजणी पूर्ण’ हा आकडा अंदाजाचा असतो. आपल्याकडे यंत्रात किती मतं आहेत ते संध्याकाळीच १७-सी फॉर्मवर लिहिलेलं असतं. तिकडे टपालातून अजून किती येणार हेच काही राज्यांत ठाऊक नसतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया मतदानाच्या तारखेचा शिक्का असलेलं पाकीट सात दिवसांपर्यंत घेत होतं. एक मतपत्रिकाही लहान नसते: अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, कुठे शेरीफ, वर स्थानिक ठरावांवर कौल. त्यामुळे वेळ लागणारच.

शेवटची पायरी: डिसेंबरात निर्वाचक आपापल्या राज्यात मत देतात, ६ जानेवारीला संसदेत मोजणी, २० जानेवारीला शपथ. कोणालाच २७० मिळाले नाहीत तर कनिष्ठ सभागृह निवडतं, पण तिथं प्रत्येक राज्याला एकच मत, २६ लागतात.

आडतकट्टा, जालना

मोंढ्याच्या प्रश्नाला ‘कोण आलं’ असं उत्तर देता येत नाही. कोणतं शुल्क, कोणत्या तारखेला आणि त्यावर दिल्लीने कोणती अधिसूचना काढली, या तीन गोष्टींवर भाव हलतो. निवडणूक तिथली असते, अधिसूचना इथली.

शिकागोच्या वायदे बाजाराचा भाव ऐकून घाबरणाऱ्यांना आधी एकक शिकवा. तिथं सोयाबीन बुशेलवर विकतं आणि सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. क्विंटलला ३.६७ बुशेल. बुशेलला १० डॉलर भाव आणि डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला साधारण ३,१२० रुपये. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. मग ते स्वस्त दाणे इकडे का येत नाहीत? कारण ते जनुकीय बदल केलेलं बी आहे आणि तसा दाणा भारतात आणायला परवानगी नाही. येतं ते तेल, आणि सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलकडून.

१०० किलो सोयाबीन गाळलं की तेल साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. लोकांना वाटलं आता भाव उठणार. पण शुल्काचा आधार त्या १८ किलोलाच मिळाला. जगात पेंड स्वस्त होती, निर्यात परवडेना, त्यात मका-तांदळाच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा चोथा पशुखाद्यात पेंडीच्या जागी जाऊ लागला. त्या दिवाळीत मोंढ्यात सोयाबीन ४,८९२ या हमीभावाच्या खालीच राहिलं. अमेरिकेत निवडणूक त्याच दिवसांत होती, पण या मंदीचं कारण ती नव्हती.

अमेरिकेच्या धोरणाने भाव हलल्याचं खरं उदाहरण २०१८ चं. ६ जुलैला चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. मेमध्ये शिकागोत १० डॉलरच्या वर असलेला भाव जुलैत ९ च्या खाली आला आणि चीनची खरेदी ब्राझीलकडे वळली. पण तारखा बघा. निवडणूक नोव्हेंबर २०१६, शुल्क जुलै २०१८. मधे वीस महिने. पुढच्या खेपेला निवडणूक नोव्हेंबर २०२४ आणि भारतीय मालावर ५० टक्के शुल्क २७ ऑगस्ट २०२५ ला लागलं. म्हणून निकालाच्या आशेवर सोयाबीनचे कट्टे घरात धरून ठेवू नका. माल ठेवायचाच तर आधी ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर हमीभाव केंद्र परत पाठवतं.

कापसाला झळ थेट बसते. त्याच ऑगस्टात, १९ तारखेपासून, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे ऐन आवकेत. हिशोब असा: न्यूयॉर्कला रुईचा भाव पौंडाला ७० सेंट धरा. खंडी ३५५.६ किलोची, म्हणजे खंडीला साधारण ५४९ डॉलर, ८५ च्या दराने ४६,६०० रुपये. त्यावर ११ टक्के म्हणजे ५,१०० च्या पुढे. तेवढ्याने बाहेरची गाठ सूतगिरणीला स्वस्त पडली. कापसातून निघणाऱ्या रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलमागे पावणेपाचशे-पाचशेचा दाब, भाडं आणि सरकी न धरता. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० होता खरा, पण तो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) केंद्रावर नोंदणी करून माल बसला तरच हाती पडतो.

तुमच्या तक्त्यात अध्यक्षाच्या रकान्याशेजारी सिनेट आणि कनिष्ठ सभागृहाचा रकाना जरूर ठेवा. शेती अनुदानाचा कायदा तिथं होतो.

मांजराकाठ, लातूर

हिशोब तसाच फळ्यावर लिहिणार. एक राहिलं. ‘जगाला कोण हवं’ अशा पाहण्या येतात, त्या दाखवाव्यात का? आणि उमेदवाराच्या आजोळच्या गावातली पूजा वगैरे?

गोदाकाठ, नांदेड

पाहणी दाखवा, पण प्रश्न काय होता ते आधी वाचून दाखवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये ३४ देशांत विचारलं ते असं: जगाच्या कारभारात हा नेता योग्य तेच करील असा विश्वास वाटतो का? तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांना मध्यक ४३ टक्के, ट्रम्प यांना २८. ‘कोण जिंकावं’ हा तो प्रश्न नव्हताच. आणि मध्यक म्हणजे देश चढत्या क्रमाने लावून मधला आकडा. त्यात छोटा देश आणि भारत यांचं वजन सारखं, त्यामुळे त्याला ‘जगातली इतके टक्के माणसं’ म्हणता येत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणणारे किती, तो रकानाही बघावा. तो मोठा असेल तर दोन्ही नेत्यांचे आकडे खाली दिसतात आणि लोक त्याला नापसंती समजतात.

तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरममध्ये कमला हॅरिस यांच्यासाठी पूजा झाली, ते गाव त्यांच्या आजोबांचं. माया खरी आहे, तिचा मान ठेवावा. पण तिच्यावरून व्हिसा किंवा शुल्काचा अंदाज बांधणं चूक.

दुसऱ्या महिन्याला ब्राझील घ्या, सोयाबीनवाल्यांसाठी तो देश जास्त जवळचा. दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहिली फेरी. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसतील तर शेवटच्या रविवारी पहिल्या दोघांत दुसरी. १८ ते ७० वयाच्या साक्षर माणसाला मतदान सक्तीचं. मतदान सगळीकडे राजधानीच्या वेळेने पाचला संपतं, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड, आणि यंत्रांमुळे सकाळच्या चहाआधी निकाल. २०२२ ला लुला ५०.९, बोल्सोनारो ४९.१. मतदान संपलं की यंत्रातून उमेदवारनिहाय मतांची पट्टी छापून निघते आणि केंद्राच्या दारावर चिकटवतात. आपला १७-सी शेजारी ठेवून दाखवा: आपल्यात एकूण मतं असतात, त्यांच्यात कोणाला किती तेही.

बालाघाट, अंबाजोगाई

तक्ता पक्क्या रंगाने रंगवणार असाल तर एक सांगायचं राहिलं. साडेदहा तासांचा फरक २०२८ पुरता धरा. तिकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात आणि २०३२ ची निवडणूक २ नोव्हेंबरला, त्या रविवारच्या आधी येते. कायदा असाच राहिला तर तेव्हा फरक साडेनऊ तासांचा असेल आणि ॲरिझोना सोडून वरची प्रत्येक वेळ एक तास अलीकडे येईल. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, तिथले साडेसातच राहतील. वेळांचा रकाना खडूनेच लिहा.