म्यूट करून कुठवर भागणार?

टीव्हीवरच्या जाहिरातींना आपण वैतागलो, की जाहिराती नसतील तर मालिका काढायला पैसा कुठून येणार, असं कुणीतरी विचारतंच. मान्य. फुकटच्या चॅनेलबद्दल माझी तक्रारच नाही. पण पे चॅनेलचे दर महिन्याला पैसे मोजायचे आणि वर जाहिरातीही बघायच्या, हे कुठलं गणित?

नियम आहे बरं का. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमावलीत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं चॅनेलचा स्वतःचा डंका. 'ट्राय'ने (टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये ती पाळायला लावायचं ठरवलं, तर चॅनेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जाहिरातीचा आवाज फार मोठा नसावा, हेही त्याच नियमावलीत आहे. आता हसा.

आमच्या घरी मालिकेतली सासू कुजबुजते म्हणून आई आवाज वाढवते. तेवढ्यात ब्रेक लागतो आणि भांड्यांच्या साबणवाली बाई अशी किंचाळते की खालचं कुत्रं भुंकायला लागतं. उशीखालचा रिमोट सापडेस्तोवर निम्म्या जाहिराती संपलेल्या.

आणि सांगलीतल्या आमच्या केबलवाल्याची स्वतःच्या जाहिरातींची पट्टी तर वेगळीच. मॅचचा धावफलक जिथे असतो, नेमकी त्याच्यावरच. साड्यांचा महासेल, द्राक्षबागेचं औषध, अकरावीचे क्लास. शेवटच्या ओव्हरला किती रन पाहिजेत, ते गॅलरीतून शेजाऱ्यांना विचारायचं (त्यांच्याकडे डिश आहे).

वैतागून केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, "काका, तुमची काय जाहिरात असली तर सांगा की, स्वस्तात लावतो."