मदत हवी आहे: कारखान्याची जागा आधी ठरवायची की उत्पादन?

अर्थशास्त्राच्या एका सराव-प्रश्नात गाडं अडलंय. खाण आणि बाजारपेठ यांत १०० किमी अंतर. २ टन खनिजातून १ टन पक्का माल निघतो. टनामागे दर किमीला खनिजाचं भाडं ३, पक्क्या मालाचं ५. कंपनी एकच, मक्तेदार. कारखाना या रस्त्यावर कुठेही काढता येतो.

जागेचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबरच्या (१९०९) पद्धतीने, म्हणजे वाहतूक सगळ्यांत स्वस्त पडेल ती जागा शोधून, पटकन निघालं. कारखाना खाणीकडे १ किमी सरकवला की टनभर मालामागे खनिजाचे ६ वाचतात, मालाचे ५ वाढतात. म्हणजे थेट खाणीवरच. भाडं अंतराच्या सरळ प्रमाणात असल्याने अधेमधे थांबण्यात अर्थच नाही. वाहतूक टनामागे ५००.

मग उत्पादन. किंमत = २००० − उत्पादन; बाकीचा खर्च टनामागे ३००. सीमांत प्राप्ती (आणखी एक टन विकल्याने वाढणारी मिळकत) टनामागच्या एकूण खर्चाएवढी, म्हणजे ५०० + ३०० = ८०० धरली की ६०० टन, किंमत १४००.

सर म्हणतात, दोन्ही एकत्रच ठरवायला हवं. पण उत्पादन कितीही धरलं तरी मला खाणच मिळते! मग एकत्र कशासाठी?

उत्तर १: तुमचं गणित बरोबर, सरांचं म्हणणंही. २ ला १ हे प्रमाण पक्कं आणि भाड्याचा दर किती माल नेला यावर अवलंबून नाही, म्हणून जागा उत्पादनापासून सुटी पडते. एकच गोष्ट बदलून बघा: १००० टन किंवा जास्त खनिज नेलं तर सगळ्याच खनिजाला भाडं ३ ऐवजी २. (अख्खी मालगाडी भरणाऱ्याला दर कमी पडतो, तसंच.) आता किमीला खनिजाचे ४, मालाचे ५. कारखान्याची उडी थेट बाजारपेठेत! वाहतूक ४००, उत्पादन ६५०, खनिज १३०० टन, म्हणजे सवलतीची अटही पुरी. नफा ३,६०,००० वरून ४,२२,५००. उत्पादन ५०० टनांच्या आत असेल तर मात्र खाणच. अर्थशास्त्रज्ञ लिऑन मोझेसचा १९५८ चा मुद्दा याच्याही पुढचा आहे: दोन कच्च्या मालांचं आपसातलं प्रमाण बदलता येत असेल, तर भाडं तेच राहूनही उत्पादनाबरोबर जागा हलू शकते.

धागाकर्ता: हे झकास! पण वाहतूक १०० ने उतरली आणि किंमत १४०० वरून १३५० च? उरलेले ५० खिशात?

उत्तर १: हो. मागणी सरळ रेषेत असली की मक्तेदार खर्चातली निम्मीच घट गिऱ्हाइकाला देतो. पूर्ण स्पर्धेत (विक्रेते पुष्कळ, किंमत खर्चाएवढीच) अख्खे १०० उतरले असते.