नारळ मिळाला तो नालायक होता म्हणून?

बाकावरचा: 'आयटीत ज्यांना नारळ मिळाला त्यांनी शिकायचं सोडलं होतं, आता गळे काढू नयेत,' असं काल इथल्या एका विद्वानाने लिहिलंय. टीसीएसने जुलै 2025 मध्ये दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. एवढे सगळे एकदम ढ निघाले? त्याआधी जूनमध्येच बेंचला, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहायला, वर्षात 35 दिवसांची मर्यादा घातली होती. प्रोजेक्ट काय आपण खिशात घेऊन फिरतो?

माझी कंपनी वेगळी, नाव नको. एचआरने बोलावलं तेव्हा राजीनामा आधीच टाइप करून ठेवलेला. 'सही केलीत तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.' केली. कागदोपत्री मी स्वखुशीने गेलो. असे आम्ही कुठल्या आकड्यात धरणार?

फेज_थ्री: तो विद्वान मीच. टीसीएसचा वर्षात 225 दिवस बिलिंग, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल असं काम हवं, हा नियम सरसकट होता. पंधरा वर्षं स्टेटस रिपोर्ट फॉरवर्ड करून सीनियर झालेले मी जवळून पाहिलेत. मी शनिवार-रविवार घालवून क्लाउड शिकलो, मला कुणी हार नाही घातला.

मुक्काम_डॅलस: इकडे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. तुम्ही निदान घरी तरी आहात.

बाकावरचा: घरी म्हणजे बँकेच्या घरी.

चाकणकर: मी कारखान्यातला, युनियनवाला. कामगाराला कपात करून काढायचं तर महिन्याची नोटीस आणि पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. म्हणून तर राजीनामा लिहून घेतात! आमच्याकडे कालचं पोरगंही अशी सही करत नाही. पण तुम्ही गेट मीटिंग दिसली की गाडीची काच वर करणारे. आता आठवला कामगार कायदा.

फेज_थ्री: युनियनने गिरण्यांचं काय केलं ते मुंबईला विचारा. 1982 चा संप, अडीच लाख कामगार रस्त्यावर.

लालबागची: हे वाक्य ऐकून कान किटले. संप झाला, नेतृत्व हट्टी होतं, सगळं मान्य. पण 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जागा विकायची वाट कुणी करून दिली? सूत काढण्यापेक्षा जमीन विकण्यात पैसा होता. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. नंतर रात्री एका सोसायटीच्या गेटवर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत. त्यांनी काय शिकायचं राहिलं होतं, सांगा ना!

फेज_थ्री: ताई, भावना समजतात, पण संप लांबवला नसता तर...

लालबागची: भावना नाही, मालकांचा हिशेब सांगतेय. तुम्हाला तोही भावना वाटतो.

मुक्काम_डॅलस: धागा आयटीचा होता ना?

चाकणकर: तोच चाललाय. बाकावरचे, सही केल्यावर लगेच 'दबावाखाली केली' अशी मेल टाकली होती का?

बाकावरचा: नाही. लॅपटॉप तिथेच काढून घेतला. आणि घरी काय सांगायचं हेच डोक्यात.

चाकणकर: मग अवघड आहे. हाताखाली माणसं होती का? मॅनेजर म्हटलं की कायदा तुम्हाला कामगारच मानत नाही.

बाकावरचा: पदनामात मॅनेजर. प्रत्यक्षात मी एकटाच टेस्टिंग करायचो.

चाकणकर: मग काम काय करत होता त्याचे कागद गोळा करा, पदनाम विसरा. आणि कामगार आयुक्तांकडे अर्ज टाका.

फेज_थ्री: सही करू नये एवढं पटलं. बाकी पदनामात मॅनेजर आणि एकटा टेस्टिंग करत होता, हे मी नाही म्हटलं, तुम्हीच लिहिलंत.